कारणे सांगू नयेत

भूल उतरली तशी शरच्चंद्र माटे यांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "आज तारीख किती?" गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी नुकतीच काढलेली, आवाज पार बसलेला. नर्सला वाटलं पाणी मागताहेत, म्हणून तिने ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसले. शेजारी बसलेल्या नीरजाबाईंना मात्र बरोबर कळलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचं बोलणं समजायला त्यांना आवाजाची गरज उरली नव्हती.

"चार डिसेंबर," त्या म्हणाल्या. "आजचा दिवस धरायचा की सोडायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. नियम तुमचेच आहेत."

शरच्चंद्रांनी पांघरुणाखाली बोटं मोजली. चार डिसेंबर हा पहिला दिवस धरला तर नव्वदावा येतो तीन मार्चला. तेवढे पुष्कळ झाले, असं म्हणून ते पुन्हा झोपले.

हे नव्वद दिवसांचं प्रकरण काय आहे ते सांगायला हवं. पर्वती प्रभात मंडळ नावाची चौदा माणसांची एक संस्था आहे. तिला कचेरी नाही, वर्गणी नाही, आहे ते एक हजेरीपुस्तक. रोज सकाळी साडेसहाच्या आत पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढून वर यायचं, हजेरी द्यायची, खाली उतरून टपरीवर चहा प्यायचा आणि घरी जायचं. आता एवढ्या कामाला नियम कशाला लागतात? पण शरच्चंद्र एकतीस वर्षं शाळेत नोकरीला होते आणि पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी मंडळ स्थापन करायच्या आधी नियम लिहिले आणि मग माणसं गोळा केली. पुस्तकाच्या पहिल्या पानावर ते अजून आहेत. दुसरं कलम असं : सलग नव्वद दिवस गैरहजर राहणाऱ्या सभासदाचे नाव नव्वदाव्या दिवशी साडेसहा वाजता कमी करण्यात येईल. कारणे सांगू नयेत. पुढची कलमं नवीन सभासदांबद्दल होती. ती कुणी वाचत नसे, कारण नवीन सभासद सहसा येत नसत. असले नियम वाचून कोण येणार?

दोन वर्षांपूर्वी या कलमाखाली शरच्चंद्रांनी अनंत सप्रे यांचं नाव कापलं होतं. अनंत म्हणजे पहिलीपासून एका बाकावर बसलेला मित्र. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली होती, आणि हे सगळ्या नारायण पेठेला माहीत होतं. पण त्याने कारण सांगितलं नाही, कारण नियमच तसा होता. नव्वदाव्या दिवशी ठीक साडेसहाला शरच्चंद्रांनी पट्टी ठेवली, लाल पेनाने रेघ मारली आणि म्हणाले, "नियम म्हणजे नियम." त्यानंतर अनंत पर्वतीवर आला नाही आणि माट्यांच्या घरीही आला नाही. नीरजाबाईंनी त्यावर एकच वाक्य उच्चारलं होतं, "तुमच्या पट्टीला माणसं दिसत नाहीत." शरच्चंद्रांना ते कौतुक वाटलं.

तर असा माणूस गळ्याला टाके घेऊन घरी आला. काढलेली गाठ साधी निघाली, तेवढा घोर मिटला. गळ्यावरचा व्रण आरशात पाहून ते खूश झाले. रेघ अगदी सरळ होती. सर्जन म्हणाले, आवाज हळूहळू दोन-तीन महिन्यांत येईल. "सावकाश येऊ दे, घाई नाही," नीरजाबाई म्हणाल्या.

निघताना हॉस्पिटलने एक छापील पत्रक दिलं होतं, 'शस्त्रक्रियेनंतर घ्यावयाची काळजी'. शरच्चंद्रांनी ते घरी येताच वाचायला घेतलं. चष्मा लावला, लाल पेन्सिल काढली आणि त्यातल्या अकरा चुका दुरुस्त करून, खाली सही-तारीख टाकून, टाके काढायला गेले तेव्हा काउंटरवर परत दिलं. आपण केवढं उपयोगाचं काम केलं या समाधानात ते घरी आले. पत्रकात काय लिहिलंय हे विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, "अतिशय निष्काळजीपणे लिहिलंय."

मग भेटायला येणारे सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी कोबी, फ्लॉवर आणि मुळा वर्ज्य सांगितला. "ग्रंथीच राहिली नाही आता, कोबीने वाकडं कुणाचं करायचं?" नीरजाबाईंनी विचारलं आणि दुपारी कोबीचीच भाजी केली. एक चुलतभाऊ हळूच म्हणाला, "थायरॉइड म्हणजे बायकांचं दुखणं ना रे?" शरच्चंद्र घोगऱ्या आवाजात म्हणाले, "असेल. देणाऱ्याने बाई की पुरुष ते पाहिलं नाही."

औषधं दोनच होती. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, आता जन्मभर. आणि कॅल्शियमची गोळी काही महिने, दिवसातून दोनदा. शरच्चंद्रांनी वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. सकाळी साडेपाच : थायरॉइड, कॅल्शियम, चहा. साडेपाचचा चहा ते गेली चाळीस वर्षं स्वतः करत. आल्याचा, दुधाळ, पाऊण कप. त्याच चहाच्या पहिल्या घोटाबरोबर दोन्ही गोळ्या घशाखाली घालायच्या, म्हणजे तीन कामं एका दमात उरकतात, ही त्यांची योजना.

आणि पोट तर रिकामंच असे. याबद्दल त्यांच्या मनात शंका यायचं काही कारणच नव्हतं. त्यांची आई एकादशीला सकाळपासून चार कप चहा घेऊन दुपारी दोनला म्हणायची, "पहाटेपासून पोटात काही नाही गं बाई." ते कुणाला खोटं वाटत नसे, कारण ते खोटं नव्हतंच. चहा उपवासाला चालतो. म्हणजे चहा हे खाणं नव्हे. म्हणजे चहा प्यायलेलं पोट हे रिकामं पोट. पुण्यातल्या पेठांत हे कुणी शिकवत नाही, ते माहीतच असतं.

पंधरा दिवसांनी शरच्चंद्र गल्लीत चालायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की चालणं सोडू नका, रोज थोडं थोडं वाढवा. पण वाढण्याऐवजी ते कमी होऊ लागलं. पहिल्या आठवड्यात ते ओंकारेश्वरापर्यंत गेले, दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत आणि तिसऱ्या आठवड्यात जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत. तिथे बसून त्यांनी पेपर वाचला आणि परत आले. थंडी तर अशी वाजे की फेब्रुवारी उजाडून लोकांनी पंखे सुरू केले, तरी हे स्वेटर, कानटोपी आणि वर शाल. वजन पाच किलोंनी वाढलं. पोट साफ होईना. बोलता बोलता डोळा लागे. एकदा तर नीरजाबाईंशी भांडता भांडता ते मध्येच झोपले. त्या अर्धा तास थांबल्या आणि मग उरलेलं भांडण त्यांनी एकटीनेच संपवलं.

जानेवारीच्या मध्याला रक्त तपासलं तर थायरॉइड कमी पडलं की चढणारा आकडा फार वर गेलेला. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी रिकाम्या पोटी घेता ना?" या प्रश्नाचा शरच्चंद्रांना रागच आला. "मी शाळेत एकतीस वर्षं इतरांकडून सूचना पाळून घेतल्यात," ते म्हणाले. डॉक्टरांनी शंभराची गोळी सव्वाशेची केली.

सव्वाशेची गोळीसुद्धा चहात बुडाली. शरच्चंद्रांची अवस्था पूर्वीपेक्षा वाईट झाली.

अशात रोज सकाळी पावणेसातला वैजनाथचा फोन येई. वैजनाथ हा मंडळाचा सगळ्यात तरुण सभासद, चाळिशीचा. मूळचा लातूरकडचा, कर्वेनगरात मुलांची मेस चालवतो. सर आजारी पडल्यापासून हजेरीपुस्तक त्याच्याकडे होतं आणि तो ते देवाच्या पोथीसारखं सांभाळत होता. "सर, आज एकाहत्तरावा दिवस," तो सांगे. "तब्येत कशी हाय?"

"ठीक. तिकडे चाललंय ना व्यवस्थित?"

"एकदम तुमच्यावाणी. काल एक जण सहा एकतीसला आला, म्या नाही मांडली हजेरी."

शरच्चंद्रांना अभिमान वाटे आणि धास्तीही. हजेरीपुस्तकात पहिलं नाव त्यांचं होतं. शाळा सुटली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, आवाज गेला. आता 'माटे सर' म्हणून हाक मारणारी माणसं उरली होती ती पर्वतीवर. ते नाव गेलं तर आपण फक्त नारायण पेठेतले एक कानटोपीवाले म्हातारे उरू, ही भीती त्यांना दिवसातून अनेकदा वाटे. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. सांगायची सवयच नव्हती.

नीरजाबाईंना ती दिसत होती. एके दिवशी नवरा वरणभाताच्या ताटावर पेंगताना पाहून त्यांनी ताट उचललं, आतल्या खोलीत जाऊन दार लोटलं आणि अनंत सप्रे यांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बेल वाजली. शरच्चंद्र स्वयंपाकघरात चहा गाळत होते. दारात अनंत उभा, हातात छत्री. फेब्रुवारीतही छत्री बाळगणारा पुण्यात तो एकटाच असावा.

"कारणे सांगू नयेत असा नियम आहे," अनंत म्हणाला, "तरी सांगतो. वहिनींनी बोलावलं म्हणून आलोय."

"तुम्ही दिवसभर झोपलेले असता," नीरजाबाई आतून म्हणाल्या. "म्हटलं, भावजींना या वेळेला तरी जागे सापडाल."

दोन वर्षांनी भेटलेले दोन मित्र समोरासमोर बसले आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. म्हणून शरच्चंद्रांनी गोळ्या घ्यायचं काम काढलं. दोन गोळ्या जिभेवर ठेवल्या, चहाचा घोट घेतला, मान वर करून गिळल्या. अनंत बघतच राहिला.

"पांढरी गोळी ती थायरॉइडची ना?"

"हो."

"चहाबरोबर?"

"मग काय पन्ह्याबरोबर घेऊ?"

"आमची हिरा वीस वर्षं घेतेय ही गोळी. नुसत्या पाण्याबरोबर. मग तासभर चहाला शिवत नाही. त्या तासात ती आमच्याशी बोलतही नाही, पण गोळी पाण्याबरोबरच."

"तुझी बायको डॉक्टर आहे का?"

"नाही. पण सध्या जिना तुझ्यापेक्षा लवकर चढते."

शरच्चंद्रांनी उरलेला चहा मुद्दाम चवीने प्यायला. मात्र अनंत गेल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. या माणसाला चूक ठरवणं अत्यंत आवश्यक झालं होतं. सव्वीस फेब्रुवारीला तपासणी होतीच. अनंताचं अज्ञान डॉक्टरांकडून वदवून आणायचं आणि जमल्यास लेखी घ्यायचं, असं ठरवून ते नीरजाबाईंना घेऊन गेले.

त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या जागी डॉक्टर स्पृहा नावाची तरुण मुलगी बसली होती. तिने रिपोर्ट पाहिला. आकडा आणखी वर गेला होता.

"काका, गोळी कशी घेता?"

"रिकाम्या पोटी."

"पाण्याबरोबर?"

"चहाबरोबर."

तिचं पेन थांबलं. "मग पोट रिकामं कुठे राहिलं?"

"चहाने पोट भरत नाही," शरच्चंद्र समजावणीच्या सुरात म्हणाले. "आमच्याकडे तो एकादशीलासुद्धा चालतो."

"एकादशीला चालतो काका. या गोळीला चालत नाही." मग तिला काहीतरी सुचलं. "आणि कॅल्शियम?"

"त्याच घोटाबरोबर."

डॉक्टर स्पृहाने पेन खाली ठेवलं. चहा आणि कॅल्शियम, दोघं मिळून ती गोळी अंगाला लागूच देत नाहीत, हे तिने सांगितलं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात किमान चार तास हवेत. म्हणजे काकांनी तीन महिने रोज न चुकता गोळी घेतली होती आणि ती जवळजवळ न घेतल्यात जमा होती. "पण आम्ही हे सगळं लिहून देतो," ती म्हणाली. "तुम्हाला पत्रक दिलं नव्हतं?"

"दिलं होतं. अतिशय निष्काळजीपणे—"

तोवर तिने फाइलच्या मागून ते काढलं होतं. लाल पेन्सिलीच्या खुणा, खाली सही, तारीख. डॉक्टर स्पृहाने तिसरी ओळ बोटाने दाखवली. 'गोळी फक्त पाण्याबरोबर घ्यावी. नंतर एक तास चहाही घेऊ नये.' त्या ओळीत शरच्चंद्रांनी एक पूर्णविराम लाल पेन्सिलीने ठळक करून दिला होता आणि समासात शेरा मारला होता : 'वाक्य ठीक.'

नीरजाबाईंनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. त्यांचे खांदे हलत होते.

शरच्चंद्रांनी ते पत्रक दोनदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी चुका काढण्यासाठी नव्हे, लिहिणाऱ्याचं म्हणणं ऐकण्यासाठी वाचलं. मग कागद नीट घडी करून खिशात घातला आणि विचारलं, "तीन मार्चला पर्वती चढता येईल का?"

"पाच दिवसांत? नाही हो. गोळी पुन्हा शंभराची करू या, पाण्याबरोबर घ्या. फरक पडायला काही आठवडे लागतात. तोवर सपाटीवर वीस मिनिटं चाला, दर आठवड्याला थोडं वाढवा. पायऱ्या नंतर."

"नियमात 'नंतर' नाही."

"कुणाचा नियम?"

"माझा."

"मग बदला की."

ही सूचना शरच्चंद्रांना आजवर कुणी केली नव्हती. ते उठले.

घरी येऊन त्यांनी अनंताला फोन केला. "डॉक्टरांचं मत तुझ्यासारखंच पडलं," एवढंच ते म्हणाले. यापुढचे शब्द तोंडातून निघेनात. आवाज बसल्याचं निमित्त होतंच. पलीकडून अनंत म्हणाला, "हिराला सांगतो, तिला बरं वाटेल."

पुढचे पाच दिवस घरात पहाटेचा एक तास फार कठीण गेला. गोळी पाण्याबरोबर घेऊन शरच्चंद्र ओट्यासमोर खुर्ची टाकून बसत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत. "घड्याळ घाबरून पुढे पळणार नाही," नीरजाबाई म्हणत. मग त्याच त्यांना बाहेर काढत. दोघं गल्लीतून सपाटीवर वीस मिनिटं चालून येत, सावकाश, आणि मगच चहा होई. चव्वेचाळीस वर्षांत ती दोघं सकाळी कधी बरोबर चालली नव्हती. हे रोज एकटेच पर्वतीवर जात. चौथ्या दिवशी नीरजाबाई म्हणाल्या, "हे मात्र थायरॉइडने बरं केलं." शरच्चंद्रांनाही तसंच वाटत होतं, पण ते म्हणाले, "सरळ चाल, खड्डा आहे."

तीन मार्च उजाडला. पावणेसहाला त्यांनी पाण्याबरोबर गोळी घेतली आणि बूट चढवले. नीरजाबाई वाद न घालता रिक्षात शेजारी बसल्या. पर्वतीच्या पायथ्याशी अनंत छत्री घेऊन उभा होता. "मी सभासद नाही," तो म्हणाला. "पण पायऱ्या सार्वजनिक आहेत."

"मी पहिल्या पायरीवर बसते," नीरजाबाई म्हणाल्या. "वर पोचलात तर ऐकायला येईलच. घरंगळलात तर इथेच सापडाल. आणि दम लागला की थांबायचं, तुम्हाला माझी शपथ आहे."

पहिल्या वीस पायऱ्या बऱ्या गेल्या. तिसाव्या पायरीवर त्यांनी कानटोपी काढली. चाळीसाव्यावर बसले. पुन्हा उठले, दहा चढले, पुन्हा बसले. पाय असे जड की प्रत्येक पाऊल हाताने उचलून ठेवावं. अनंत एक पायरी मागे राहून चालत होता. अठ्ठावन्नाव्या पायरीवर शरच्चंद्र बसले आणि त्यांना कळलं की आता उठणं नाही. घड्याळात सहा चोवीस झाले होते. वर पंचेचाळीस पायऱ्या होत्या. माथ्यावरून कितीतरी वर्षं ते खाली उशिरा येणाऱ्यांकडे बघत आले होते. खालून वरचं कसं दिसतं ते त्यांनी आज पाहिलं.

वरून मंडळींनी त्यांना ओळखलं. हजेरीपुस्तक काखेत घेऊन वैजनाथ दोन दोन पायऱ्या उतरत आला आणि मागून बाकीचे.

"सर, सहा मिनिटं हायत अजून."

"जमणार नाही, वैजनाथ."

वैजनाथने पुस्तकाकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं, डोकं खाजवलं. ज्या नियमाचा त्याला एवढा अभिमान तो आज त्याच्याच हाताने सरांवर चालवायचा होता. "सर," तो म्हणाला, "अठ्ठावन्नावी पायरी बी पर्वतीचीच हाय की. मांडू का हजेरी?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाची हरकत नव्हती. शरच्चंद्रांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि तो शब्द अगदी ओठावर आला होता. तेवढ्यात त्यांची नजर अनंताकडे गेली. तो छत्रीवर रेलून मुद्दाम दुसरीकडे, सारसबागेच्या बाजूला बघत होता. दोन वर्षांपूर्वी हाही असाच घरी टाके घेऊन बसला होता, आणि हजेरीपुस्तक घेऊन त्याच्यापर्यंत कुणी उतरलं नव्हतं. पुस्तक तेव्हा कुणाच्या काखेत होतं हे शरच्चंद्रांना पक्कं माहीत होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती पुष्कळ उशिरा वाटली याची आणखी वाटली.

"मी अजून सभासद आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हायत की. अजून पाच मिनिटं."

"मग पेन दे."

त्यांनी कोरं पान उघडून लिहिलं : 'श्री. अनंत सप्रे यांची सभासदत्वासाठी शिफारस करतो.' खाली सही केली. "दोन सह्या लागतात, तू दुसरी कर." वैजनाथने गुडघ्यावर पुस्तक ठेवून सही केली. अनंताने सारसबागेवरची नजर हलवली नाही, पण छत्रीची मूठ घट्ट धरली.

साडेसहा झाले. "पट्टी," शरच्चंद्र म्हणाले. पट्टी पुस्तकातच असे. त्यांनी पहिलं पान काढलं, पहिल्या नावावर पट्टी ठेवली आणि रेघ मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांची रेघ वाकडी आली.

विषय बदलायला वैजनाथ अनंताला म्हणाला, "काका, तुम्ही सभासद झालात, तर चला वर पटकन. पहिल्या दिवशी हजेरी नको का?"

"गरज नाही," शरच्चंद्र सवयीने म्हणाले. "कलम चार. नवीन सभासदाने प्रवेशापासून नव्वद दिवसांच्या आत पहिली चढण—" आणि ते थांबले.

त्यांनी हळूच मान वळवली. "अनंता, हे कलम तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. मी वाचतो काय लिहिलंय ते." अनंत आता त्यांच्याकडे बघत होता. "नाव कापलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी कुणी दोघांनी शिफारस केली असती, तर मला नवे नव्वद दिवस मिळाले असते. टाके तोवर सुकलेच होते."

"मग बोलला का नाहीस?"

"कलम तीन. उमेदवाराने शिफारस स्वतः मागू नये." अनंत खाली शेजारी बसला. "पहिला महिनाभर रोज सकाळी बूट घालून बसत होतो. वाटायचं, येशील तू पुस्तक घेऊन. हिरा म्हणायची, काढा ते बूट आता."

डोळे पुसायला शरच्चंद्रांनी कानटोपी वापरली. "चुकलो मी, अनंता," ते म्हणाले. आवाज घोगरा होता, पण चौदाच्या चौदा जणांना ऐकू गेला.

अनंताने वैजनाथकडून पुस्तक मागून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि एकेक पान उलटत बसला. शरच्चंद्र वाट पाहू लागले. मागता येत नव्हतं. नियम त्यांचाच होता. अनंताने पेन उघडलं. पेन बंद केलं. "हवा छान आहे आज," तो म्हणाला.

"हो," शरच्चंद्र म्हणाले.

"पूर्वी अशी नव्हती."

"नव्हती."

दोन मिनिटं गेली. शरच्चंद्रांना ती दोन वर्षांएवढी वाटली, आणि अनंताला तेच हवं होतं. मग त्याने कोऱ्या पानावर लिहायला घेतलं. "माटे, शरच्चंद्र. वैजनाथ, दुसरी सही कर. शिफारशीचं कारण लिहायचं असतं का रे?"

"कारणे सांगू नयेत," शरच्चंद्र म्हणाले आणि गळ्याला ताण बसेपर्यंत हसले.

पाचवं कलम वैजनाथनेच वाचून दाखवलं : नवीन सभासदांनी पुढे उतरून सर्वांचा चहा सांगून ठेवावा. तेव्हा दोघं नवे सभासद, वय वर्षं सत्तर आणि सत्तर, एकमेकांचा हात धरून अठ्ठावन्न पायऱ्या उतरू लागले. खाली पहिल्या पायरीवर नीरजाबाई उठून उभ्या राहिल्या. नवऱ्याचे लाल डोळे पाहून त्या दोन पायऱ्या वर चढल्या.

"काय झालं?"

"नाव गेलं."

"मग?"

"परत आलं. सगळ्यात शेवटी आहे. नवे नव्वद दिवस मिळालेत." ते टपरीवाल्याकडे वळले. "सोळा चहा द्या."

नीरजाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि लगेच मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "गोळी पावणेसहाला घेतलीत. सहा बेचाळीस झालेत. अजून तीन मिनिटं."

मंडळी उतरून आली. टपरीवर सोळा ग्लास भरून ओळीने मांडले गेले. शरच्चंद्रांनी आपला ग्लास उचलला नाही. ते पाहून अनंताने हातातला खाली ठेवला, मग वैजनाथने, मग एकेक करून सगळ्यांनी. चहा निवत राहिला, वर साय धरू लागली, टपरीवाला चक्रावून बघू लागला, आणि पर्वतीच्या पायथ्याशी पंधरा माणसं नीरजाबाईंच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली.

"घ्या आता," नीरजाबाई म्हणाल्या.